मधल्या कथा वगळू नका

अलौकिक रहस्यमालिका वाचणाऱ्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो, "कादंबऱ्या वाच, दोन कादंबऱ्यांच्या मधल्या छोट्या कथा नाही वाचल्यास तरी काही अडत नाही." मला हे अजिबात पटत नाही. उलट माझं ठाम मत आहे की या प्रकाराचं खरं घर कथाच आहे, कादंबरी नंतर आली.

इंग्रज लेखक विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी घ्या. भुताटकीचा छडा लावणारा हा गडी १९१० मध्ये 'द आयडलर' मासिकातून कथांमधूनच वाचकांसमोर आला. १९१३ च्या पुस्तकात सहा कथा होत्या, आणखी तीन १९४७ च्या आवृत्तीत आल्या. साचा ठरलेला. कार्नाकी चार मित्रांना जेवायला बोलावतो, जेवण झाल्यावर गोष्ट सांगतो आणि शेवटी सगळ्यांना घराबाहेर काढतो. पण त्या साच्यात एक जबरदस्त गोष्ट आहे : या वेळी भूत खरं निघणार की माणसाची करामत, हे आधी कळतच नाही. एका कथेत तो रात्रभर चिलखत घालून चॅपलमध्ये बसतो, कारण तिथला खंजीर आपोआप माणसावर वार करतो अशी ख्याती. अंधारात इतका घाबरतो की पळत सुटतो. शेवटी निघतो तो जुना यांत्रिक सापळा. दुसरीकडे एका किल्ल्यातली खोली रोज रात्री शीळ घालते, आणि तिथे जमिनीतून प्रचंड ओठ वर येतात. ते मात्र खरंच अमानवी.

हा संशय लांबलचक मालिकेत टिकत नाही. तिसऱ्या कादंबरीपर्यंत वाचकाला माहीत झालेलं असतं की या जगात पिशाच्चं आहेत, नियम काय, कोण कुणाचा शत्रू. शिवाय पाचशे पानं लिहायची तर संकटही तेवढंच मोठं लागतं, मग दर वेळी शहर नाहीतर जग बुडायला निघतं. कथेत एका घरातली एक खोली पुरते. भीतीला तेवढीच जागा लागते, असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसरं कारण, माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. जिम बुचरच्या 'ड्रेस्डन फाइल्स' या मालिकेच्या कादंबऱ्या तिचा नायक, जादूगार-गुप्तहेर हॅरी ड्रेस्डन, स्वतः सांगतो. त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. (पुढचा परिच्छेद 'चेंजेस' न वाचलेल्यांनी सोडून द्या, यात मोठा स्पॉयलर आहे.)

२०१० मध्ये आलेल्या 'चेंजेस'च्या शेवटी हॅरीला गोळी लागते. पुढची कादंबरी 'घोस्ट स्टोरी' २०११ मध्ये आली, आणि तिच्यात तो परततो तेव्हा सहा महिने उलटलेले असतात. मग त्या रात्री मागे राहिलेल्यांचं काय झालं? ते 'साइड जॉब्स' या संग्रहातल्या 'आफ्टरमॅथ'मध्ये आहे, आणि ती कथा सांगते हॅरीची जवळची मैत्रीण कॅरिन मर्फी. तिच्याकडे जादू नाही. हॅरी गेला हे मानायला ती तयार नाही, आणि तेवढ्यात त्यांचा मित्र विल मदत मागायला येतो, कारण त्याची बायको जॉर्जिया गायब आहे. रडायलाही उसंत नाही. त्या दोघांच्या लग्नाचा दिवसही याच संग्रहातल्या 'समथिंग बॉरोड'मध्ये आहे. दोन्ही कथा लागोपाठच्या बैठकीत वाचा, म्हणजे जॉर्जियाला शोधताना मर्फीची घालमेल का होते ते उमगेल. हॅरीच्या तोंडून हे कधीच आलं नसतं, कारण तो तिथे नाहीच. नायक नसलेलं जग कसं चालतं, हे दाखवायला कथेइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

प्रकाशकांबद्दल एक तक्रार आहेच. अशा कथा आधी वेगवेगळ्या लेखकांच्या एकत्रित संग्रहांत विखुरल्या जातात. हॅरीची शिष्या मॉली सांगते ती 'बॉम्बशेल्स' २०१३ मध्ये अशाच एका जाडजूड संग्रहात आली आणि 'ड्रेस्डन फाइल्स'च्याच 'ब्रीफ केसेस' या कथासंग्रहात यायला २०१८ उजाडलं. एवढी वर्षं त्या एका कथेसाठी वाचकाने अख्खं पुस्तक घ्यायचं, हा अन्याय आहे. आणि पुढची कादंबरी त्या घटना माहीत असल्यासारखी पुढे जात असेल तर जास्तच.

'साइड जॉब्स'मध्ये मात्र प्रत्येक कथेआधी ती कादंबऱ्यांच्या क्रमात कुठे बसते हे दिलंय. प्रत्येक मालिकेने हे करायला हवं, खरंच. बेन आरोनोविचच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन' मालिकेचा 'टेल्स फ्रॉम द फॉली' हा २०२० चा संग्रह तर मालिकेचा नायक पीटर ग्रँटच्या कथा आणि इतरांच्या कथा असे वेगळे भागच करतो, ते मला फार आवडलं.

तर कुणी 'ड्रेस्डन फाइल्स' आत्ता सुरू करत असेल, तर 'साइड जॉब्स' शेवटी वाचायला ठेवू नका. कादंबऱ्यांसोबत एकेक कथा तिच्या जागी वाचत जा, आणि 'चेंजेस' संपवलीत की 'घोस्ट स्टोरी' उघडायच्या आधी 'आफ्टरमॅथ' वाचा. वाचून झाली की इथे येऊन सांगा, मला त्या कथेवर बोलायला कुणीतरी हवंच आहे.