तुंबलेलं ड्रेनेज एकट्या तळमजल्याचं नसतं

मागच्या बुधवारी रात्री साडेअकराला बाथरूममधून गुडगुड आवाज यायला लागला, मला वाटलं नळ चालू राहिला, जाऊन बघते तर नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय आणि त्यावर साबणाचा फेस, म्हणजे वर कोणाचं तरी मशीन लागलेलं. दहा मिनिटांत पाणी पॅसेजमध्ये, तिथून सासूबाईंच्या खोलीत. त्यात भाताची शितं होती, मेथीच्या काड्या होत्या, आमच्याकडे त्या दिवशी मेथी नव्हतीच. सासूबाई 81 वर्षांच्या, पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि खाली त्यांच्या गोधड्यांची ट्रंक भिजत होती. त्यातली एक त्यांच्या आईच्या लुगड्याची. टाकून द्यावी लागली.

सहकारनगरमधली आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली. ग्रुपवर लगेच टाकलं की प्लीज कोणी पाणी सोडू नका, आमच्याकडे वर येतंय. पहिला रिप्लाय आला, "वहिनी, तुमचा ट्रॅप साफ करून घ्या ना." ट्रॅप म्हणजे नहाणीच्या जाळीखालचं भांडं, जणू दोष आमच्याच घरातला.

मला या वाक्याबद्दलच बोलायचंय.

अहो, सगळ्या फ्लॅटचं पाणी एकाच लाइनने खाली येतं, चेंबरमधून चेंबरमध्ये जातं आणि मग रस्त्याच्या मेन लाइनला. पुढे कुठेही चोकअप झालं की मागे पाणी साठत जातं आणि जे तोंड सगळ्यात खाली असेल तिथून बाहेर पडतं. ते तोंड आमची नहाणी. तिसऱ्या मजल्यावर फ्लश केलं तर ते आमच्या घरात येणार. सकाळी प्लंबर आला, त्याने आधी बाहेरचं चेंबर उघडलं, काठोकाठ भरलेलं. म्हणाला, "ताई, लाइन पुढे चोक आहे, घरात स्प्रिंग मारून काही उपयोग नाही." हे प्रत्येकाने लक्षात ठेवा, घराजवळचं चेंबर भरलेलं असेल तर दोष पुढच्या लाइनमध्ये, रिकामं असेल तर तुमच्या घरात. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये कॉमन ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात धरलीय, तळमजल्याच्या नाही.

आणि आमच्याकडे आणखी एक गोष्ट झालेली. घराबाहेर गली ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा जाळी लावलेला छोटा खड्डा असतो, त्याचं तोंड घराच्या फरशीपेक्षा खाली ठेवतात, म्हणजे तुंबलं तरी पाणी बाहेर अंगणात निघावं, घरात येऊ नये. किती साधी सोय आहे! दोन वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा दिसायला छान दिसावं म्हणून तो ट्रॅप आणि दोन चेंबरची झाकणं ब्लॉकच्या खाली गाडून टाकली. मी तेव्हा विचारलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते. दुपारी कमिटीने दोन माणसं आणली, कामट्या घेऊन. कामट्या पुढे जाईनात तेव्हा त्यातला एक मुलगा, विशीचा असेल, शर्ट काढून चेंबरमध्ये उतरायला लागला. मी त्याचा हात धरला. मला सांगितलं गेलं की पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं खूप झाली हो! आत हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला तर नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस तिथेच कोसळतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणाला असं उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना किमान 30 लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलंय. तरी बिनधास्त उतरवतात, कारण त्याला आई आहे हे कोणाच्या मनातच येत नाही. मी म्हटलं, माझ्या घरात आणखी एक रात्र घाण राहू दे, हा मुलगा उतरणार नाही.

जेटिंगची गाडी, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने लाइन मोकळी करणारी, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. काय निघालं त्यातून? सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, एक अख्खा पोछा, गोठलेल्या तेलाचे पांढरे गोळे आणि कंपाउंडजवळच्या पिंपळाची मुळं, केसांच्या गंगावनासारखी. एकाही गोष्टीवर फ्लॅट नंबर नव्हता.

तुमच्याकडे असं झालं तर आधी वरच्यांचं पाणी बंद करायला लावा, पाणी प्लगपर्यंत जायच्या आत मेन स्विच पाडा, पण ओल्यात उभं राहून नाही. अ‍ॅसिड अजिबात ओतू नका, ब्लिचिंग पावडरशी मिसळलं की क्लोरीन गॅस होतो, आणि पुढे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उडतं ते वेगळंच. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह चांगला आहे, आम्ही बसवतोय, पण तो बंद असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही. गच्चीचे पावसाचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेत का तेही बघा, आमच्याकडे एक जोडलेला सापडला.

रविवारी सकाळी नऊला आम्ही पेव्हर ब्लॉक उचलून गली ट्रॅप मोकळा करतोय. तीन घरं येतो म्हणालीयत, त्यात तो पहिला रिप्लाय टाकणारे काकाही आहेत.