मजुरी मोडायची, पण तोवर काय?

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राची वेतन संहिता, म्हणजे किमान वेतनासह मजुरीचे कायदे एकत्र करणारा कायदा, लागू झाली आणि पुण्यातल्या आमच्या जुन्या चळवळ्या मित्रांत पुन्हा जुंपली. एकाचं म्हणणं, किमान वेतन वाढवून मागणं म्हणजे बेडीला कापूस गुंडाळणं. मागायचंच तर मजुरीची पद्धतच मोडा. आधार थेट मार्क्सचा. 1865 च्या भाषणात त्यानं 'रास्त मजुरी' पुसून निशाणावर 'मजुरीपद्धत नष्ट करा' लिहायला सांगितलं होतं. 1880 मध्ये फ्रेंच समाजवादी नेता गेद यानं फ्रेंच कामगार पक्षाच्या कार्यक्रमात किमान वेतन घातलं, तेही मार्क्सला पोरकट आमिष वाटलं.

मी जर्मनीत राहतो. इथे देशभर किमान वेतन यायला 2015 उजाडलं, तासाला साडेआठ युरो. 2026 पासून 13.90. गंमत म्हणजे ते मिळतंय का हे तपासायला कस्टमवाले येतात, अगदी हॉटेलच्या भटारखान्यात शिरून कामाच्या तासांच्या नोंदी मागतात. आमच्या ऑफिसात संध्याकाळी सफाईला येणाऱ्या बाईंना दर चोख मिळतो. पण एका मजल्याला किती मिनिटं, हे ठरवणारा दुसराच. मिनिटं कापली की तेवढ्याच पैशात दीड मजला. इथे मित्राचं मला पटतं.

पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या पोराला मात्र हे कुठल्या तोंडानं सांगायचं? खात्यावर नियमाप्रमाणे पगार टाकायचा आणि त्यातला काही रोखीनं परत घ्यायचा, असले ठेकेदार तिकडे काही दुर्मीळ नाहीत. मार्क्सनंही त्याच भाषणात बजावलं होतं, की रोजच्या झगड्यात कच खाणारे मोठ्या लढ्याला नालायक ठरतील. मित्र हे नेमकं गाळतो.

मालकच नसला की काय होतं, तेही पुण्यातच दिसतं. 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई कुणाच्या नोकर नाहीत, सहकारी संस्था त्यांचीच. घरटी शुल्क घेतात, भंगार विकतात. पण सोसायटीनं पैसे थकवले, भंगाराचा भाव पडला, तर दाद कुणाकडे मागायची? किमान वेतनाच्या कायद्याला समोर मालक लागतो.

हमालांनाही एक मालक नव्हता. 1969 च्या माथाडी कायद्यानं व्यापाऱ्यांना हमालांसाठीच्या मंडळात नोंदवलं, मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली, वर व्यापाऱ्यांकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक जादा रक्कम, घेऊन फंडाची सोय केली. क्रांती नव्हती ती, पण दर महिन्याला हिशेब चुकता होऊ लागला. मजुरी मोडण्याच्या गप्पांआधी मित्रानं एकदा मार्केट यार्डात जाऊन हमालांना विचारावं, यातलं काय सोडायला तयार आहात म्हणून.