शब्दांना सात टक्के? हा आकडा आला कुठून ते आधी बघा

परवा रात्री भाचीचा फोन आला. परीक्षेत नापास झालेल्या मुलांसमोर तिला अर्धा तास बोलायचं आहे, तेही आयुष्यात पहिल्यांदाच. ती स्वतः दोनदा नापास झाली होती. तिसऱ्या खेपेला कशी पास झाली हे तिने चार पानं भरून लिहिलं होतं. रोज किती वेळ बसायची, चुकांची वेगळी वही कशी ठेवली, आणि कुणासमोर तरी 'मला हे समजत नाही' असं पहिल्यांदा कबूल कसं केलं, सगळं त्यात होतं. मी वाचलं होतं, मनापासून आवडलं होतं.

"मावशी, त्यातली तीन पानं काढली मी," ती म्हणाली. "शब्दांना सातच टक्के महत्त्व असतं ना? आता आरशासमोर हातवारे बसवतेय."

हे तिला कळलं 'प्रभावी प्रेरणादायी वक्त्याची पाच रहस्ये' या संदेशातून. तो मलाही या महिन्यात तिघांनी पाठवलाय. ती पाच रहस्यं अशी: भाषणाच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. दुसरं, येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीत ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली, त्यांनी पुढे बाकीच्या सगळ्यांहून जास्त पैसा कमावला, हे उदाहरण द्या. तिसरं, २१ दिवसांत कोणतीही सवय लागते हे सांगा. चौथं, मोठे वक्ते तयारी करत नाहीत, ते मनातून बोलतात. पाचवं, सभागृह पेटलं की भाषण यशस्वी.

पहिल्या मुद्द्याने तीन पानं खाल्ली, म्हणून त्याचाच आधी समाचार.

हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ सालचे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन छोटे प्रयोग केले. एका प्रयोगात नऊ सुटे शब्द होते, काही प्रेमळ, काही धड इकडचे ना तिकडचे, काही कडवट. ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून ऐकवले. दुसऱ्यात 'मेबी', म्हणजे 'कदाचित', हा एकच शब्द होता. तो तीन सुरांत म्हटला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. मग विचारलं, बोलणाऱ्या व्यक्तीला समोरचा माणूस आवडतो, नावडतो की दोन्ही नाही? दोन वेगळ्या प्रयोगांतले निष्कर्ष जोडून ७-३८-५५ हे सूत्र तयार झालं.

भाषण कुठे आहे यात? भाषण सोडा, एक पूर्ण वाक्यसुद्धा नाही. ज्याला हा संदेश 'देहबोली' म्हणतो ते ५५ टक्के म्हणजे चेहऱ्याचा फोटो. हातवारे, उभं राहणं, व्यासपीठावर फिरणं, यांतलं काहीही मोजलेलं नाही. आणि दुसऱ्या प्रयोगात शब्द मुद्दाम असा घेतला की त्यातून भावना कळूच नये. अशा शब्दाचा वाटा कमी निघाला यात नवल काय? खुद्द मेहरेबियन यांनी आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवलंय की बोलणारा स्वतःच्या भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल, तर ही समीकरणं लागू होत नाहीत. ज्याचा आकडा आहे तोच 'इथे वापरू नका' म्हणतोय, आणि वक्तृत्व शिकवणारे वर्षानुवर्षं तोच फळ्यावर लिहिताहेत.

'चुका वेगळ्या वहीत लिहायच्या आणि आठवड्याने त्याच चुका पुन्हा सोडवायच्या', एवढी एक गोष्ट हातवाऱ्यांनी सांगून दाखवा.

यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. शब्द एक सांगत असतील आणि आवाज दुसरंच, तर माणूस बहुधा आवाजावर विश्वास ठेवतो. 'मला तुमची काळजी आहे' हे कंटाळलेल्या सुरात म्हटलं तर कुणाला पटणार नाही. खाली मान घालून पुटपुटणाऱ्याचं चांगलं भाषणही वाया जातं. पण यावरून आवाज सांभाळा एवढंच निघतं, पानं फाडा असं निघत नाही.

मधले तीन मुद्दे पटकन. येलचा तो अभ्यास झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' मासिकाने १९९६ मध्ये शोध घेतला तेव्हा त्याचा मागमूस लागला नाही, आणि येलनेही असा अभ्यास नसल्याचं सांगितलंय. २१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' पुढे गळून गेला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी खरोखर मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. बाविसाव्या दिवशी पुस्तक उघडावंसं वाटलं नाही तर ते पोर स्वतःलाच नालायक ठरवेल, याचा विचार कुणी करायचा?

आणि तयारी न करण्याचा पुरावा म्हणून संदेशात नाव दिलंय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं. २८ ऑगस्ट १९६३ च्या त्यांच्या गाजलेल्या भाषणातला 'माझं एक स्वप्न आहे' हा भाग त्यांच्या हातातल्या मसुद्यात नव्हता, हे खरं. पण ते स्वप्न त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये रॉकी माउंटला आणि जून १९६३ मध्ये डेट्रॉइटला आधीच बोलून दाखवलं होतं. शिवाय चर्चमध्ये प्रवचनं देण्याचा कित्येक वर्षांचा सराव पाठीशी होता. याला तयारी नाही म्हणायचं?

राहिलं पेटलेलं सभागृह. माणसाला 'मला हे जमेल' असं कशामुळे वाटतं, याबद्दल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणीतरी 'तुला जमेल' असं सांगणं, आणि त्या वेळची शरीर-मनाची स्थिती. यांत सगळ्यात भक्कम पहिली. नुसत्या सांगण्यातून आलेला विश्वास कच्चा असतो, पहिल्या अपयशात विरून जातो. घोषणा देऊन, उड्या मारायला लावून पेटवलेलं सभागृह तिसऱ्या-चौथ्या गोष्टीवर उभं असतं. मुलं घरी जातात, तेच गणित पुन्हा अडतं, आणि आता वर अपराधीपणाही येतो, 'एवढं चांगलं भाषण ऐकूनही मला जमत नाही.'

भाचीने काढून टाकलेली तीन पानं ही या चारांतली दुसरी गोष्ट होती. त्या मुलांसारखीच नापास झालेली एक मुलगी पुढे काय काय करत गेली, ते त्यांना दिसणार होतं. त्यातलं निदान वहीचं तरी त्याच रात्री कुणी करून पाहिलं असतं, म्हणजे पहिल्या गोष्टीची सुरुवात झाली असती.

पानं तिने फाडली नव्हती. काल चारही पानं तिने मला फोनवर वाचून दाखवली. 'मला हे समजत नाही' या वाक्याशी आली तेव्हा आवाज खाली गेला आणि ती क्षणभर थांबली. हे आरशासमोर बसवलं होतंस का, असं मी विचारलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.