क्वेकरांच्या गोधड्या आणि रिकामं रान

अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. शांतताप्रिय क्वेकरांनी कधी गुलाम बाळगले नाहीत. दक्षिणेतल्या गुलामगिरीला विटून ते बायकापोरांसह उत्तरेच्या रिकाम्या रानात गेले. आणि तिथे सगळ्या समाजाने एकदिलाने पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला, दारात खुणेच्या गोधड्या टांगून वाट दाखवली. दाखला म्हणून, पळून आलेल्यांना घरात लपवणाऱ्या लेव्हाय कॉफिन या क्वेकराच्या कुटुंबाचं नाव येतंच. माणूस खरा, त्याचं काम खरं, इंडियानातलं त्याचं घर आजही उभं आहे. म्हणूनच ही गोष्ट इतकी गुळगुळीत करून सांगितलेली खटकते.

‘कधी गुलाम बाळगले नाहीत’ हे कॉफिनच्या घराण्यापुरतं बरोबर आहे. तो तसं आठवणींत लिहून गेलाय. पण समाजाचं काय? पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन स्वतःच गुलामांचा मालक होता. १६८८ मध्ये तिथल्याच जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला, तो क्वेकरांच्या एका सभेकडून दुसऱ्या सभेकडे टोलवला गेला (पंथाचा कारभार गावच्या मासिक सभेपासून प्रांताच्या वार्षिक सभेपर्यंत चाले). फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवायला मनाई केली ती १७७६ मध्ये. मधे ८८ वर्षं गेली. नॉर्थ कॅरोलायनात आणखी वेगळाच पेच होता. तिथे मुक्त केलेल्या माणसाला धरून पुन्हा विकायची सोय कायद्यातच होती. त्यावर तोडगा म्हणून १८०८ पासून खुद्द क्वेकरांची वार्षिक सभाच अशा माणसांची कागदोपत्री मालक झाली. शेकडो माणसं तिच्या नावावर होती. हेतू चांगला होता, पण ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याने हा कागदही बघावा.

आता ‘गुलामगिरीला विटून गेले’. हे अर्धं खरं. लेव्हाय सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनात न्यू गार्डनजवळच्या रस्त्याकडेला वडील लाकडं फोडत होते आणि साखळदंडाने जोडलेल्या गुलामांचा तांडा समोरून चालला होता. वडिलांनी विचारलं, तुम्हाला असं का बांधलंय? एकाने सांगितलं की बायकामुलांपासून तोडून आणलंय, पळून परत जाऊ नये म्हणून बांधलंय. घरी कोणी वडिलांना असं नेलं तर, हा विचार त्या पोराच्या डोक्यातून गेला नाही. पुढे १८२१ मध्ये त्याने चुलतभावाबरोबर गुलामांसाठी रविवारची शाळा काढली. मालकांनी ती बंद पाडली. एवढं सगळं असलं तरी बिऱ्हाडं हलतात ती एका कारणाने नाही. कॅरोलायनातली जमीन झिजली होती. ओहायो नदीच्या उत्तरेच्या ज्या मुलखात ते निघाले होते तिथे गुलामगिरीला १७८७ पासून बंदी होती, आणि १८२० नंतर सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने, किमान ८० एकर अशी मिळू लागली. म्हणजे शंभर डॉलरमध्ये शेत! शिवाय नातलग आधीच तिकडे. लेव्हायचे आईवडील १८२५ मध्ये गेले, तो आणि बायको कॅथरिन १८२६ मध्ये. निघताना मासिक सभेकडून दाखला घ्यायचा, नव्या गावच्या सभेत तो दाखवायचा. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखाच प्रकार. साउथ कॅरोलायनातल्या बुश रिव्हरची सभा असे दाखले देता देता काही वर्षांत ओस पडली.

‘रिकामं रान’ हा तर सगळ्यात मोठा घोटाळा. कॉफिन इंडियानातल्या ज्या न्यूपोर्ट गावी उतरला ते वेन कौंटीत. हा वेन म्हणजे जनरल अँथनी वेन. १७९४ मध्ये त्याने तिथल्या जमातींच्या आघाडीचा लढाईत पराभव केला आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात मायामी, शॉनी, डेलावेअर वगैरेंकडून प्रचंड मुलूख लिहून घेतला. कौंटीचा पूर्वेचा पट्टा त्या तहातला. पश्चिमेचा भाग १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहातला. हत्यार न धरणारी माणसं हत्याराने मोकळ्या केलेल्या जमिनीवर, त्याच सेनापतीच्या नावाच्या कौंटीत नांगर धरत होती. त्यांनी कोणाला मारलं नाही, हे कबूल. पण रान रिकामं नव्हतं, रिकामं केलेलं होतं.

‘सगळ्या समाजाने एकदिलाने’ हे वाचून कॉफिन हसला असता. न्यूपोर्टला तो पोचण्याआधीपासून पळून आलेल्यांना ठेवून घेत होती ती तिथली मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबं. त्यांतली बरीचशी क्वेकरांनी पूर्वी मुक्त केलेल्यांचीच वंशज. त्यांच्याकडे लपलेले लोक पकडले जात, म्हणून कॉफिनने आपलं घर उघडलं. शेजारच्या क्वेकरांनी त्याला सावध केलं, काही गिऱ्हाइकांनी दुकानाची पायरी सोडली. ऑक्टोबर १८४२ मध्ये गुलामांचा मालक असलेला राजकारणी हेन्री क्ले इंडियानातल्याच रिचमंडला आला, तेव्हा त्याला क्वेकरांच्या वार्षिक सभेत मानाने बसवलं गेलं. आणि त्याच सुमारास कॉफिनसारख्यांना समित्यांवरून काढलं! १८४३ मध्ये त्यांना न्यूपोर्टलाच वेगळी सभा स्थापावी लागली. श्रेय समाजाच्या खात्यावर जमा करताना हे विसरायचं कसं?

राहिली गोधडी. पळून आलेल्यांनी मागे ठेवलेल्या कथनांत तिचा पत्ता नाही, कॉफिनच्या जाडजूड आठवणींतही नाही. ही कथा गाजली ती १९९० च्या दशकात. कॉफिनकडची खूण म्हणजे रात्री दारावर पडणारी हलकी थाप. बाहेर थंडीपावसात माणसांनी भरलेली गाडी उभी असे. तो हळू आवाजात आत बोलावी, खिडक्या झाकी, कॅथरिन उठून चूल पेटवी. गावातल्या बायका तिच्याकडे शिवायला जमत हे खरं, पण शिवत ते कपडे. आलेल्यांच्या अंगावर घालायला. खुणा करून लक्ष वेधणं त्यांना परवडणारंच नव्हतं. १८३९ च्या त्या विटांच्या घरात विहीर तळघरात आहे. अंगणातल्या विहिरीवरून एका कुटुंबाच्या घरासाठी वीस माणसांचं पाणी शेंदलं असतं, तर शेजाऱ्यांनी बादल्या मोजल्या असत्या.