‘उत्तम’ हा शब्द

हौशी खेळाडूंच्या संघात नाव नोंदवताना अर्जातल्या ‘तंदुरुस्ती’ या रकान्यात मी निःशंकपणे ‘उत्तम’ असे लिहिले होते. असा दावा तपासून पाहण्याची रीतसर पद्धत असते, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

प्रशिक्षकांनी सुरुवात चिमट्याने केली. दंडामागची कातडी दोन बोटांत धरून त्यांनी कॅलिपर लावला, आकडा वाचला आणि त्याच जागी पुन्हा लावला. त्वचेखालच्या चरबीचे माप एकाच जागी दोन-तीनदा घेतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र पहिल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसला नसावा, असेच मला वाटले. लवचीकतेच्या चाचणीत पाय सरळ पसरून हात पुढे न्यायचे होते. माझी बोटे नडगीपाशी थबकली, तेव्हा गुडघे हळूच वाकवावेत असा विचार मनात येतो न येतो, तोच प्रशिक्षकांचा तळहात गुडघ्यावर येऊन बसला. हा विचार सुचलेला मी पहिलाच नव्हतो तर!

खरी परीक्षा होती ती बीप टेस्टची. 20 मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये ध्वनिफितीच्या तालावर धावत राहायचे. वेग सुरुवातीला ताशी साडेआठ किलोमीटर आणि दर मिनिटाला त्यात अर्ध्या किलोमीटरची भर. पहिल्या मिनिटात एका फेरीला जवळजवळ साडेआठ सेकंद मिळतात, म्हणून मी शेजाऱ्याशी गप्पा मारत धावलो. तिसऱ्या मिनिटात गप्पा संपल्या. पाचव्या मिनिटात फेरीला सात सेकंदही उरत नाहीत, आणि वळताना स्वतःचे सगळे वजन एका पायावर आवरून उलट दिशेला ढकलावे लागते, ही गोष्ट माझ्या गुडघ्याने मला नीट समजावून सांगितली. लागोपाठ दोनदा बीपच्या आत रेषा गाठता आली नाही, की चाचणी संपते. माझी संपली, तेव्हा यंत्र बिघडले असावे, अशी शंका मी उरलेल्या श्वासात बोलून दाखवली. यंत्र पुढच्या खेळाडूंसाठी आणखी बराच वेळ वाजत राहिले.

“चाचणी नापास करण्यासाठी नसते, कुठून सुरुवात करायची ते कळण्यासाठी असते,” असे सांगून प्रशिक्षकांनी वेळापत्रक आखले: भार थोडा-थोडा वाढवायचा, व्यायाम आपल्या खेळाला साजेसा निवडायचा आणि विश्रांतीचे दिवस चुकवायचे नाहीत. विश्रांतीचे कलम मी लगेच मान्य केले.

सवयीबाहेरच्या श्रमाने दुखणारे स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक ठणकतात. नेमक्या तिसऱ्या दिवशी मी तो ‘उत्तम’ खोडायला गेलो आणि हातातले पेन जमिनीवर पडले. मी पेनाकडे पाहिले, प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिले. पेन कोणीच उचलले नाही. त्यांनी खिशातले दुसरे पेन काढून लवचीकतेच्या रकान्यात आणखी काहीतरी लिहिले.