सिंगल हँडेड बॅकहँडवाल्यांनी लांब रॅकेटला हातच लावू नये? थांबा की जरा

गेले दोन आठवडे टेनिस रॅकेटबद्दल एक मेसेज फिरतोय. आपल्या सकाळच्या ग्रुपवर तीनदा आला, पुण्याच्या एका ग्रुपवर दोनदा दिसला, आणि काल तर आमच्या मेव्हण्यानं पाठवला, ज्यानं आयुष्यात कॅरम सोडून काही खेळलेलं नाही. म्हणलं आता लिहावंच लागतंय.

मेसेजमध्ये काय म्हणलंय ते आधी सांगतो, म्हणजे ज्यांनी वाचला नाही त्यांनापण कळेल. २७ इंचापेक्षा लांब रॅकेट ही फक्त दोन हातानं बॅकहँड (हाताची मागची बाजू बॉलकडं करून मारलेला शॉट) मारणाऱ्यांसाठी असते कारण त्यांचा रीच कमी पडतो. एका हातवाल्यानं ती घेतली तर रॅकेट जड होऊन शॉट लेट होणार, टेनिस एल्बो शंभर टक्के होणार, उंच बॉल तर मारताच येणार नाही. फेडररनं कधी वापरली का, मग तुम्ही कोण. स्पर्धेत चालत नाही ते वेगळंच. आणि शेवटी हात जोडलेला इमोजी.

मी ५ फूट ५ इंच, वय ४७, बॅकहँड एका हाताचा, तीन वर्षं झाली साडेसत्तावीस इंची रॅकेट वापरतोय. कोच नाही मी, पण हे सगळं स्वतःच्या हातावर करून बघितलंय.

नियमाचं आधी उरकून टाकतो. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) नियमात रॅकेटची जास्तीत जास्त लांबी २९ इंच आहे, म्हणजे ७३.७ सेमी. २७ ही दुकानात सगळीकडे मिळणारी नेहमीची लांबी, तो काही नियम नाही. साडेसत्तावीस, अठ्ठावीस बिनधास्त चालतात. संपला विषय.

आता दोन हातवाल्यांसाठीच असते हे. अहो, दोन हातानं बॅकहँड मारणारा माणूस सर्व्हिसपण दोन हातानं करतो का? सर्व्हिस सगळेच एका हातानं मारतात, आणि लांब रॅकेट घेणारे बहुतेक जण घेतात ते सर्व्हिससाठी. अमेरिकेचा टेनिसपटू मायकल चँग आठवतोय ना, ५ फूट ९ इंच उंची, नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यानं प्रिन्स कंपनीची २८ इंची रॅकेट घेतली. त्याचा बॅकहँड दोन हाताचा होता हे खरं, पण कमी उंचीच्या माणसाला सर्व्हिसला जरा वरून बॉल मिळावा हा हिशोब होता. मग तोच हिशोब माझ्यासारख्या बुटक्याला का लागू नाही? माझा बॅकहँड एका हाताचा आहे म्हणून माझी सर्व्हिस उंच होते का?

रीचबद्दल मात्र एक सांगतो, ह्यात दुकानदारपण फेकतात. अर्धा इंच म्हणजे सव्वा सेमी. टेनिसच्या बॉलचा व्यास साडेसहा सेमीच्या वर असतो, म्हणजे तुमचा रीच वाढला बॉलच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्यानं कोर्ट काही लहान होत नाही. फायदा होतो तो कडेच्या बॉलला, पळत जाऊन हात पूर्ण ताणून जो स्लाइस (बॉलला खालून कापत मारलेला शॉट) मारतो आपण, तिथं आधी जो फ्रेमला लागून बाहेर जायचा तो आता वरच्या गटिंगला (रॅकेटच्या विणलेल्या जाळीला) लागून निदान परत जातो. माझ्या वयात तेवढं पुरतं.

आता मेन मुद्दा, जड होते आणि लेट होतो. ह्याच्यावर मी जरा वेळ घेणार, कारण ह्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं सगळ्यात जास्त फसवतं.

रॅकेट वजनकाट्यावर किती भरते हे वेगळं आणि फिरवताना हाताला किती जड लागते हे वेगळं. दुसऱ्याला स्विंगवेट म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाला बादली अडकवून उचलून बघा, तेच. वजन हातापासून जेवढं लांब त्याचा वर्ग होतो त्या हिशोबात, म्हणून थोडीशी लांबीपण लई बोलते. आकडे घ्या. गटिंग आणि ग्रिपसकट ३२० ग्रॅमची रॅकेट, बॅलन्स (रॅकेट बोटावर तोलून राहते ती जागा) मुठीच्या टोकापासून ३३ सेमीवर, स्विंगवेट ३२० (हे ग्रॅम नाहीत, किलो-सेमी वर्ग). आता बाकी काहीच न बदलता नुसती मूठ अर्धा इंच लांब केली तर स्विंगवेट वाढतं साधारण १९ नी. एक इंच केली तर ४० च्या आसपास. १९ म्हणजे ६ टक्के, ते हाताला नक्की कळतं, आणि एका हाताच्या बॅकहँडला तर जास्तच कळतं, कारण आपला कॉन्टॅक्ट पॉइंट शरीराच्या पुढं असतो, हात सरळ झालेला असतो, जरा उशीर झाला तर दोन हातवाल्यासारखं मागच्या हातानं ढकलून निभावता येत नाही, बॉल सरळ शेजारच्या कोर्टात. तर मेसेज इथपर्यंत बरोबर आहे.

पण "बाकी काहीच न बदलता" हे कोण करतं? एकतर ते लोक जे बट कॅप (मुठीच्या टोकाचं टोपण) काढून आत लाकडाचा तुकडा ठोकतात (आमच्यातल्या एकानं केलंय, तिसऱ्या दिवशी सर्व्हिस करताना मूठ हातात आणि रॅकेट नेटमध्ये). कंपन्या तसं करत नाहीत. लांब मॉडेल बरेचदा वजनाला हलकं बनवतात, किंवा बॅलन्स मुठीकडे सरकवतात, ह्याच कारणासाठी. माझी आधीची २७ इंची गटिंगसकट ३२५ ग्रॅम होती, आत्ताची साडेसत्तावीस ३०५ ग्रॅम आहे, आणि फिरवायला दोन्ही जवळपास सारख्याच. उलट मी अशी २७ इंची बघितलीय की जिच्या डोक्यावर मालकानं शिशाच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या, ती फिरवताना माझा खांदा निघाला. मग दोष लांबीचा का वजन कुठं आहे त्याचा? घेताना लांबी बघायच्या आधी स्विंगवेट विचारा, नाही सांगितलं तर बॅलन्स तरी बोटावर ठेवून बघा.

आणि अजून एक, जे मेसेज लिहिणाऱ्याच्या बहुतेक लक्षातच आलं नाही. एका हाताच्या बॅकहँडला डावा हात रिकामा नसतो ओ. तो रॅकेटच्या गळ्याला धरलेला असतो, रॅकेट मागं नेतो तोच, ग्रिप फिरवायला मदत करतो तोच. म्हणजे बॅकस्विंगचा भार तर दोन हातावरच असतो. उजवा एकटा पडतो फक्त पुढं येताना, आणि तेव्हा खांदा नि कंबर फिरत असेल तर मनगटाला एकट्यानं ओढायचं काम उरत नाही. जे लेट होतात त्यातले निम्मे तयारी लेट करतात, बॉल नेट ओलांडून आला की मग वळतात. त्यांना २६ इंची द्या, तरी लेटच.

त्यातनं पण जड वाटली तर मूठ अर्धा इंच वर धरा. ह्यावर मेसेजमधला डायलॉग आहे, "वरच धरायची तर लांब घेतली कशाला?" अहो त्यासाठीच घेतली! सर्व्हिसला टोकाला धरायची, रिटर्नला वर सरकायचं. दोन हातवाल्याला मुठीवर दोन पंजे बसवायचे असतात, त्याला सरकायला जागा कमी. आपल्याला अख्खी मूठ मोकळी. म्हणजे बघायला गेलं तर ही सोय आपल्यालाच जास्त आहे. फक्त वर धरल्यावर तळव्याखाली बटचा तो उंचवटा लागत नाही, पहिले दोन आठवडे रॅकेट निसटतेय की काय असं वाटतं, मग सवय होते.

टेनिस एल्बोची भीती घालणं सगळ्यात सोपं, कारण आपल्या वयाच्या ग्रुपमध्ये प्रत्येक दुसऱ्याच्या कोपराला पट्टा आहे. पण तो होतो कशानं? कोपराच्या बाहेरच्या बाजूला मनगट मागं उचलणारे स्नायू जिथं हाडाला चिकटतात तिथं तो दुखतो. एका हाताच्या बॅकहँडला नवखा माणूस कोपर पुढं काढून, मनगट वाकवून बॉल ढकलतो, सगळा धक्का त्या स्नायूवर. मुरलेला खेळाडू मनगट मागं पक्कं ठेवून मारतो. त्याच्यावर कडक फ्रेम, कडक पॉलिस्टर गटिंग ५६ पाउंड ताणाला ओढलेलं, दोन वर्षं न बदललेलं, मग कोपर काय करणार. आपल्याकडं चादरीच्या गावात उभ्या-आडव्या धाग्याचा ताण किती ठेवायचा हे मागवाल्याला बरोबर कळतं, रॅकेटमध्येपण तेच उभं-आडवं विणलेलं असतं, पण आपण गटिंगवाल्याला "टाइट करा" एवढंच सांगून येतो. माझा एल्बो २७ इंची रॅकेटवर झाला होता, ह्याच गटिंगपायी. ४८ पाउंडला मऊ मल्टीफिलामेंट (बऱ्याच बारीक धाग्यांचं गटिंग) टाकलं आणि चार महिने मनगटाचा व्यायाम केला तेव्हा गेला. लांब रॅकेट त्यानंतर घेतली, अजून परत आलेला नाही. माझ्या एकट्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण मेसेजमधल्या "शंभर टक्के" ला एक माणूस पुरतो. बॉल मधे न लागता बाजूला लागला की रॅकेट हातात पिळते ना, ती पिळण्याची गोष्ट डोक्याच्या रुंदीवर आणि कडांच्या वजनावर जाते, लांबीवर नाही.

फेडररचं. हो, त्याची रॅकेट २७ इंचीच होती. पण दोन हातवाले प्रोपण बहुतेक २७ च्या आसपासच खेळतात, मग त्यावरून काय ठरवायचं, की लांब रॅकेट कुणीच घेऊ नये? आणि एका हातवाले उरलेत किती ते तरी बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या टॉप टेनमध्ये एकपण नव्हता, १९७३ ला रँकिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. सोलापुरात कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात आयटीएफच्या मुलींच्या मॅचेस बघायला गेलो तेव्हापण मी डोळे लावून बसलो होतो की कुणीतरी एका हातानं मारेल. फेडररचाच दाखला घ्यायचा तर पूर्ण घ्या. वर्षानुवर्षं ९० चौरस इंचाच्या डोक्यावर अडून बसलेल्या माणसानं २०१४ मध्ये ९७ घेतली, तेव्हापण लोक म्हणलेच होते आता काय होतंय ह्याचं. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला नदालसमोर त्यानं बॅकहँड कसा मारला ते सगळ्यांनी बघितलंय. तिशी ओलांडल्यावर तो माणूस सामान बदलून बघतो, आपण पन्नाशीकडं आलो तरी फॉरवर्ड वाचून घाबरतो.

उंच बॉल मात्र खरंच अवघड, इथं मेसेजला अर्धे मार्क देतो. खांद्याच्या वर आलेला बॉल एका हातानं मारायला ताकदच मिळत नाही, आणि हात वर असताना लांब रॅकेट थोडी जास्त लोंबते हे मलापण जाणवतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं सकाळी साडेसातलाच कोर्ट तापतं, बॉल गरम होऊन जास्त उसळतो, आणि आमच्यातला डावखुरा ॲड कोर्टवरून (त्याच्या डाव्या हाताच्या अर्ध्या कोर्टातून) सर्व्हिस फिरवत माझ्या बॅकहँडला कानापर्यंत आणतो. तेव्हा माझ्याकडं दोनच पर्याय असतात, पुढं घुसून बॉल वर यायच्या आत घ्यायचा नाहीतर स्लाइस करून खोल टाकायचा. पण २७ इंची होती तेव्हा तिसरा पर्याय होता का? नव्हता. तेव्हापण हाच मार खात होतो, ह्याच माणसाकडून.

खरा तोटा मेसेजमध्ये लिहिलेलाच नाही. डबल्सला नेटवर उभे असताना कुणी सरळ पोटावर मारला की लांब रॅकेट आडवी यायला जागाच मिळत नाही, कोपर बरगडीत अडकतं. मी नेटवर असलो की मूठ वर धरून उभा राहतो, तरी आठवड्याला एखादा शेक बसतोच.

ज्याला बघायचंय त्यानं रविवारी लवकर यावं, माझी घेऊन अर्धा तास मारावी, टोकाला धरून पंधरा मिनिटं आणि वर धरून पंधरा मिनिटं. गटिंग तुटलं तर नवीन तुमच्याकडून, ४८ पाउंड, आणि वर शेंगा चटणी भाकरी.