पोलिंग कारखान्यात उरकतं, पण तिथेच संपत नाही

नमस्कार,

पिझो बेंडरवरच्या (व्होल्टेज दिलं की वाकणाऱ्या सिरॅमिक पट्टीवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोलिंग, म्हणजे जोरदार विद्युत क्षेत्र देऊन सिरॅमिकचं ध्रुवीकरण एका दिशेला लावणं, कारखान्यातच झालेलं असतं, तेव्हा वापरणाऱ्याने डेटाशीटमधला डी-३१ (विद्युत क्षेत्र दिल्यावर थराची लांबी किती बदलते ते सांगणारा गुणांक) उचलावा आणि सूत्रात घालावा. पोलिंग थोडं कमी पडलं असेल तर पट्टी चालवता चालवता ते भरून निघतं. मग तेल, तापमान, किलोव्होल्ट यांत वाचकाला गुंतवायचं कशाला?

मधला मुद्दा आधी घेतो, कारण त्यावर विसंबून कोणी पट्ट्या चालवल्या तर त्या हकनाक खराब होतील.

पीझेडटी-५एच हे बेंडरमध्ये नेहमी दिसणारं मऊ (म्हणजे पोलिंग सहज बदलणारं) सिरॅमिक. त्याचं कोअर्सिव्ह क्षेत्र, म्हणजे ज्या उलट विद्युत क्षेत्राला पोलिंग उलटू लागतं ते, मिलिमीटरला साधारण ०.८ किलोव्होल्ट आहे. पोलिंग करताना आपण त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्र देतो, तेही गरम सिलिकॉन तेलात, आणि बराच वेळ. आता तुमची पट्टी पाहा. ०.३ मिमीच्या थरावर ६० व्होल्ट दिले की क्षेत्र होतं मिलिमीटरला ०.२ किलोव्होल्ट, म्हणजे कोअर्सिव्हच्या पाव. एवढ्यात अर्धवट राहिलेले डोमेन (सिरॅमिकमधले एकाच दिशेच्या ध्रुवीकरणाचे सूक्ष्म भाग) वळत नाहीत. आणि व्होल्टेज वाढवलं तर काम सुधारण्याऐवजी बिघडतं. दोन वायरींच्या बायमॉर्फमध्ये (दोन सिरॅमिक थर चिकटवून केलेल्या पट्टीत), जोडणी सिरीज असो की पॅरलल, एका थराला पोलिंगच्या दिशेने क्षेत्र मिळतं तेव्हा दुसऱ्याला उलट मिळतं. पट्टी वाकते ती त्यामुळेच. उलट क्षेत्र कोअर्सिव्हच्या जवळ जाऊ लागलं की तो थर हळूहळू आपलं पोलिंग गमावतो. म्हणूनच जिथे मोठं विस्थापन हवं तिथे तीन वायरींची बायस जोडणी वापरतात: बाहेरच्या दोन इलेक्ट्रोडवर स्थिर व्होल्टेज, आणि मधला इलेक्ट्रोड त्या दोन टोकांच्या दरम्यान फिरवायचा. त्यात दोन्ही थरांना कायम पोलिंगच्याच दिशेने क्षेत्र मिळतं. चालवल्याने पोलिंग पुरं होत असतं, तर ही तिसरी वायर कोणी ओढलीच नसती.

आता डेटाशीट. ५एचसाठी डी-३१ साधारण उणे २७४ पिकोकुलोम प्रति न्यूटन दिलेला असतो. पॅरलल बायमॉर्फ, लांबी ३० मिमी, एकूण जाडी ०.६ मिमी आणि ६० व्होल्ट धरले, मधला शिम (थर ज्याला चिकटवतात ती धातूची पातळ पट्टी) सोडून दिला, तर मोकळ्या टोकाचं विस्थापन सुमारे ०.१२ मिमी येतं. हे गणित बरोबर आहे, आणि तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच. पण तो आकडा चांगल्या पोल केलेल्या, कुठेही न चिकटवलेल्या नमुन्याचा असतो, आणि बहुधा पोलिंगनंतर २४ तासांनी मोजलेला. शिवाय तो अगदी लहान क्षेत्रावर मोजतात. खऱ्या चालण्याच्या क्षेत्रावर डोमेनच्या भिंतीही हलतात, म्हणून विस्थापन अंदाजापेक्षा जास्त येतं आणि सोबत हिस्टेरिसिसही (व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना विस्थापनात पडणारा फरक) वाढतो.

पट्टीत जे घडतं ते वेगळं. १८० अंशांनी उलटणाऱ्या डोमेनमुळे ध्रुवीकरण एका दिशेला लागतं, पण आकार बदलत नाही. आकार बदलतो तो ९० अंशांनी वळणाऱ्या डोमेनमुळे, आणि त्यांना आजूबाजूचे कण अडवतात. तापमान वाढवलं की हा अडसर कमी होतो, म्हणून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोल करून क्षेत्र तसंच ठेवून थंड करायचं. खूप तापवलं तर सिरॅमिकमधून गळती वाढते आणि थर फुटू शकतो. पोलिंग होताना थर जाडीत फुगतो आणि लांबीत आखडतो. तो आधीच शिमला चिकटवलेला असेल तर शिम त्याला आखडू देत नाही: जोडात ताण राहतो, ९० अंशांचे काही डोमेन वळतच नाहीत, आणि थर एकाच बाजूला असेल तर पट्टी जन्मापासूनच वाकडी.

उलट आधी पोल करून मग चिकटवलं, तर इपॉक्सी भट्टीत पिकवताना पोलिंगवर घाला येतो. ५एचचं क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पोलिंग पुसलं जातं ते, सुमारे १९५ अंश. त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नये, हा जुना ठोकताळा मी आजही पाळतो. पीझेडटी-५ए या दुसऱ्या सिरॅमिकचं क्यूरी तापमान ३५० च्या वर आहे, त्यामुळे ते गरम भट्टी सहन करतं, पण त्याचा डी-३१ उणे १७१ च्या आसपास. कोणतं घ्यायचं हे ठरवताना पोलिंगनंतर पट्टीला किती उष्णता लागणार, हे आधी पाहावंच लागतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक तर ३०० च्या वर असतं; ५एचवर ते क्षणभरही रेंगाळलं की त्या जागेचं पोलिंग गेलंच समजा.

हे तपशील वाचकाला कशाला, असं तुम्ही विचारता. ब्रेल डिस्प्लेमध्ये प्रत्येक ठिपका अशाच एका पट्टीने वर येतो. ठिपक्याची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एका पट्टीचे दोन थर सारखे पोल झालेले नसतील, एकाचा डी-३१ पुरा आणि दुसऱ्याचा ७० टक्केच असेल, तर उचल १५ टक्क्यांनी घटते. वाचणाऱ्याच्या बोटाला तो ठिपका शेजाऱ्यांपेक्षा बुटका लागतो, आणि अक्षर चुकतं. हे मला क्षुल्लक वाटत नाही.

तुमच्याकडची पट्टी तीन वायरींची असेल तर एक करून पाहा. एका वेळी एकच थर चालवा, दुसरा शॉर्ट करून ठेवा, क्षेत्र पोलिंगच्याच दिशेने द्या आणि टोकाचं विस्थापन मोजा. मग थर बदलून तेच करा. दोन आकड्यांत फरक दिसला तर पट्टी कशी चिकटवली होती आणि सोल्डर कुठे मारलं होतं तेही लिहा, इथेच बोलू.